कागदावर मेलेलं भात

१२ ऑक्टोबर
मेलं म्हणे! माझं भात मेलं!

शेतकी खात्याची मुलगी आली होती, नामफुंग नावाची. रस्त्यावर उभं राहून ड्रोन उडवला — भर दुपारी बारा वाजता. उन्हात पाणी असं चकाकतंय की माणसाला डोळे उघडवत नाहीत, त्या यंत्राला काय दिसणार डोंबल! फोटोत नुसता आरसा. आमच्या गटाच्या पाचही शेतांवर तिनं लाल रंग मारला. संपूर्ण नुकसान.

म्हटलं, "अगं बाई, माझं तरतं भात आहे. पाणी चढेल तसं तेही चढतं. आत्ता नुसती टोकं वर आहेत."

ती म्हणाली, "मावशी, यंत्रात तसा रकानाच नाही."

रकाना नाही म्हणून भात मरतं का?

१३ ऑक्टोबर
खरं दुखणं आज कळलं. लाल रंग म्हणजे नुसती भरपाई नाही. गट मेलेला ठरला की पंचवीस तारखेला कालव्याचा दरवाजा उघडणार आणि शहराला बुडवणारं पाणी आमच्यावर सोडणार. तिथं आता वाचवायला काय उरलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही चूक नाही. मेलेल्याच्या अंगावर पाणी पडलं काय, न पडलं काय.

पण माझं जिवंत आहे! पाणी रोज चार बोटं चढलं तर भात त्याच्यासोबत चढतं. एका रात्रीत दोन हात चढलं तर गुदमरून कुजणार. मग पुढच्या वर्षाला बीसुद्धा नाही. आईनं दिलेलं बी. माझं माहेर सोडलं तर आता कुणाकडे नाही ते.

१५ ऑक्टोबर
विहाराच्या मंडपात सभा झाली. सनान भावजी — आमच्या ह्यांचे थोरले भाऊ, त्यांचं शेत माझ्या बांधाला लागून — सगळ्यांसमोर म्हणाले, "लमून, चौथी शिकलेल्या बाईनं सरकारला शिकवू नये. मिळतंय ते घे. तुझ्या माहेरचं गवत बुडालं तर गावाचं काय जातं?"

सगळे हसले. हे असते तर एकाची हसायची हिंमत नव्हती. पण हे जाऊन चार वर्षं झाली, आणि तोंड मलाही आहे.

म्हटलं, "भावजी, तुमचं आखूड सरकारी भात पहिल्याच पाण्यात तळाला गेलं. माझं गवत मान तरी वर काढतंय!"

भावजी गप्प बसले. एवढ्यावर गप्प बसणारा माणूस नाही तो. पोटबिट दुखत असेल.

१६ ऑक्टोबर
पाणी पाच हात. भात सव्वापाच.

१७ ऑक्टोबर
फोनवर काही होत नाही. तीनदा केला, तीनदा "साहेब जेवायला गेलेत." दिवसभर जेवतो की काय हा माणूस!

शेवटी एक काडी मुळासकट उपटली, दोरीसारखी गुंडाळली आणि निघाले. होडीनं रस्त्यापर्यंत, पुढं टेम्पोनं तालुक्याला. कचेरीत नामफुंगच्या टेबलावर काडी सोडली. टेबल संपलं, काडी संपेना. खाली साहेबाच्या बुटापर्यंत गेली.

"हे… एकच रोप आहे?" साहेब.

"नाही, दोन चिकटवून आणलीत!"

नामफुंग तोंड दाबून हसली. मग खरं खरं बोलली. ड्रोन परत उडवता येईल. पण दरवाजा बंद ठेवायचा तर गटातलं निम्म्याहून जास्त भात जिवंत हवं. नुसतं माझं धरून भागणार नाही.

मी म्हटलं, "आधी माझं तर जिवंत कर. आणि सकाळी ये, ऊन तिरपं असताना. दुपारी तुझ्या यंत्राला झोप येते."

२० ऑक्टोबर
सकाळी साडेसहाला ड्रोन उडाला. आणि छोट्या पडद्यावर आलं — हिरवं! माझ्या बांधापासून बांधापर्यंत हिरवंगार, जसं कुणी सतरंजी अंथरलीय. पोरीच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. लाज नाही वाटली. तिला गरम भात, वाळलेला मासा आणि पाण्यातल्या झाडाची पिवळी फुलं अंड्यात परतून वाढली. तीनदा घेतलं तिनं.

पण गट सगळा त्र्याहत्तर राय जमिनीचा. माझं अठरा. बाकी चार शेतांवर पाणीच पाणी. अठरानं काय होतंय!

जेवून झाल्यावर नामफुंगनं दुसरा फोटो मोठा केला. "मावशी, हे काय? पाण्यात काठी आणि वर लाल चिंधी."

मी बघितलं. बांबू. त्याला विणलेली टोपली. माझ्या शेतात मी परवाच तसला रोवला — भात गर्भार राहिलं की आमच्यात बायका त्याला आंबट संत्री, ऊस, फणी आणि पावडर वाहतात. पोटुशीला जे हवंसं वाटतं ते सगळं. मेलेल्या भाताचे डोहाळे कुणी पुरवत नाही.

पण हा बांबू माझ्या शेतात नव्हता. बांधापलीकडे होता. भावजींच्या!

पोरीला म्हटलं, "असेल कुणाचा तरी मासे धरायचा." खोटं बोलले. घरातलं आधी घरात बघू.

२१ ऑक्टोबर
होडी थेट जाऊबाईंच्या पायरीला लावली. "कुणाचे डोहाळे पुरवताय?"

जाऊबाईंच्या हातातली सुरी थांबली. "हळू बोल गं! आत आहेत."

"भात कुठलं आहे तुमचं? आखूड नाही ना?"

"नाही. तरतंच आहे. पण उशिरा पेरलंय, टोकं अजून हातभर पाण्याखाली आहेत. ते म्हणतात, पाण्याचा काय भरवसा, सरकारच्या पैशाचा तरी आहे. मेलं म्हणून लिहून दिलं." डोळे पुसले त्यांनी. "मला राहवलं नाही. जिवंत असून उपाशी कसं ठेवायचं?"

आतून खोकला आला. मी मोठ्यानं म्हटलं, "माझं अठरा राय आणि या घराचं पंचवीस. मिळून निम्म्याच्या वर होतं. दरवाजा उघडला तर दोघांचंही जाणार. एवढंच सांगायला आले होते!"

कुणी बाहेर आलं नाही. मी परतले.

२३ ऑक्टोबर
आतापर्यंत काही नाही. पाणी साडेपाच हात. भात पावणेसहा. ते आपलं काम करतंय. माणसांचंच अडलंय.

२४ ऑक्टोबर
नामफुंगचा फोन. भावजी काल स्वतः कचेरीत गेले, मेल्याचा कागद परत घेतला आणि आज सकाळी तिला होडीतून शेतावर नेलं. टोकं पाण्यावर आलीत. गट हिरवा झाला. दरवाजा उघडणार नाही!

जमिनीवर आडवी पडले नुसती. किती दिवसांनी पाठ मोकळी झाली.

२५ ऑक्टोबर
भावजी आले. होडीतून उतरले नाहीत. म्हटलं, बी कुठनं आणलंत? वल्ह्याकडे बघत म्हणाले, "मे महिन्यात तुझ्या माहेरी गेलो होतो. तुझ्या भावाला शपथ घातली — लमूनला कळता कामा नये."