आगीचा पट्टा आणि उम्म रगाईचं धुपाटणं

दमनहूर

आदरणीय रतीबाताई,

सलाम. तुझे गुडघे, भावोजी आणि गच्चीवरची कबुतरं सुखरूप असोत. माझी खुशाली विचारू नकोस, सांगायला लागलो की धाप लागते.

माझा दमा तुला लहानपणापासून ठाऊक आहे (तुझ्याच पाठीवर बसून दवाखान्यात जायचो). या हिवाळ्यात तो फारच उसळला, म्हणून छातीच्या डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या. छाती जरा मोकळी होतेय तोच बरगड्यांवर फोड उठले. कातडीचे डॉक्टर म्हणाले, नागीण. म्हणजे आपला आगीचा पट्टा. त्या गोळ्यांनीच अंगातली ताकद गेली असेल, छातीवाल्यांना विचारा. छातीवाले म्हणाले, गोळ्या एकदम सोडल्या तर श्वासच अडकेल, कातडीवाल्यांना विचारा. दोघांचे दवाखाने गावाच्या दोन टोकांना. पुढे मी, आणि मागून तुझी भावजय इन्साफ, सदरा फोडांना लागू नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून धरलेला. बघणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा नवरदेव निघाला.

खोकलो तर पट्टा पेटतो, खोकला दाबला तर गुदमरतो. त्यात आजाऱ्याला भेटून पुण्य जोडायला अख्खी गल्ली लोटते. पेरूचा रस दिल्याशिवाय कुणाला जाऊ देणं इन्साफला जमत नाही, आणि तो प्यायल्याशिवाय उठणं त्यांना जमत नाही. प्रत्येकाचा कुणीतरी काका याच पट्ट्यानं गेलेला असतो (आणि तो कसा तडफडला, हे रस संपेपर्यंत ऐकावं लागतं).

मग शेजारची उम्म रगाई धुपाटणं घेऊन आली. "नजर लागलीय तुम्हाला! लोक जळतात हो तुमच्या तब्येतीवर!" ताई, माझ्या तब्येतीवर! काढलेली नजर परत आत शिरू नये म्हणून तिनं खिडक्या लावल्या आणि पलंगाभोवती धूर घालायला लागली. मी निळा पडलो, तशी ती ओरडली, "बघा, निघाली नजर!" निघालो तो मी, थेट इस्पितळात, प्राणवायू लावायला. (ऊद तू पाठवलेला होता. राग मानू नकोस, वास चांगला होता.)

आता फोड वाळलेत, पण दुखणं गेलेलं नाही. चादरसुद्धा सहन होत नाही. हे कधी थांबेल, असं डॉक्टरांना विचारलं तर ते वर बघतात. मी थकलोय, ताई. अगदी थकलोय.

तुझा,
शुक्री

ता. क. हे वाचून धावत येऊ नकोस. तुझे गुडघे सांभाळ. इन्साफ आहे ना, ती दगडाची आहे, तिला काही होत नाही.

ता. क. ये, ताई. काल पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून ती रडत होती, तोंडात ओढणी कोंबून, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी ऐकलं आणि पडून राहिलो. तिच्याजवळ जायला उठायचं, तर मला उठवायलाही तीच लागते. आलीस की माझी चौकशी करत बसू नकोस. सरळ आत जा, तिच्याकडे.