भोंगा थांबल्यावर

चांदूर रेल्वे,
सप्टेंबर १९६४

प्रिय ललिता,

तुझं रागावलेलं पत्र पोचलं. कापसाचं जिन बंद पडलं, आता तिथं तुझं काय उरलंय, दसऱ्याआधी सामान बांध आणि अकोल्याला कायमची ये, म्हणतेस. इस्पितळात पेशंटांना दटावतेस तशीच आईलाही दटावतेस की! क्वार्टरमधली खिडकीजवळची जागा माझ्यासाठी ठेवलीस, ती ओळ मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. यायचं की नाही, तेच सांगायला बसले आहे. पण एका दमात सांगून मोकळी झाले तर ती मी कसली?

जिन गेलं त्याचं वाईट वाटतंच गं. तुझे बाबा गेले तेव्हा तू चौथीत होतीस, आणि मला उभं केलं ते त्या जिनानंच. हंगामात कापसाच्या बैलबंड्या पार रेल्वे फाटकापर्यंत लागायच्या. आम्ही बाया सरकी काढायच्या यंत्रांपुढे, रेच्यांपुढे बसून कापूस घालायचो, सरकी वेगळी, रुई वेगळी. घरी यायचे तेव्हा केसांत इतकी रुई असायची की तू मला म्हातारी म्हणून चिडवायचीस. हॉटेलं काय, टुरिंग टॉकीज काय, गाव नुसतं गजबजलेलं. मग जिनाच्या शेटजींनी नवं जिन अमरावतीला टाकलं आणि कापसाचे ट्रक गावावरून तसेच पुढे जाऊ लागले. यंदा उन्हाळ्यात यंत्रंही उचलून नेली. आता मी सुंदराबाईसोबत गाद्या भरते. कापूस काही सुटत नाही! पण पोट भरतं, झोप लागते, माझं छान चाललंय.

गंमत ऐक. जिनाचा भोंगा थांबला आणि अख्खी गल्ली बिघडली. घड्याळ आहे कोणाकडे? भाकरी वेळेवर होईनात, पोरं शाळेत छड्या खाऊ लागली. माणिकबाईंचा नवरा स्टेशनावर पोचला तेव्हा त्याची गाडी बडनेऱ्याला पोचली होती. शेवटी भोंगा वाजवणारे पुंजाजीच आपलं जुनं घड्याळ घेऊन रोज सकाळी गल्लीतून फिरू लागले, "उठा वं मायबाई, सात वाजले!" बाया हसल्या तर म्हणाले, "हासता काहून? यंत्र नेलं त्याईनं, मी त अजून इथंच आहो ना!"

त्यांची फेरी आपल्या दारात संपते. आधी नुसतं पाणी प्यायचे, मग चहा घेऊ लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मागच्या महिन्यात एक दिवस ते आलेच नाहीत. गल्ली आपापली उठली होती, पण मी चहा निवेपर्यंत दारात उभी. तेव्हा कळलं गं, किती वाजले ते कळावं म्हणून मी थांबत नव्हतेच. त्यांना ताप होता. पेज घेऊन गेले. ती पिऊन झाल्यावर भिंतीकडे बघत म्हणाले, "सुभद्राबाई, एक चूल पुरंल का आपल्या दोघाइले?" मी म्हटलं, "पोरीले विचारतो," आणि भांडं तिथंच विसरून घरी आले.

म्हणून हे पत्र. ललिता, मला लग्न करायचं आहे. हे लिहिताना लाज वाटत नाही. तुझ्या विधवा आत्याचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, मी पाहिला होता. अंधार पडल्यावर, सवाष्णींना दूर ठेवून, चोरी केल्यासारखा लावला होता. धम्म घेतला तेव्हा तसलं सारं आपण मागे टाकलं. मला दसऱ्याच्या सकाळी, विहारात, सगळ्यांसमोर लग्न करायचं आहे. पण तू नको म्हणालीस तर करणार नाही. पुंजाजींना तसं सांगितलं आहे, आणि ते म्हणाले, पोरीचंच खरं. तेव्हा मनात येईल ते लिही, माझी भीड धरू नकोस. आपल्यात नवरी पांढरं नेसते. इथल्या दुकानात पांढरी लुगडी आहेत, पण मी घेणार नाही. तू आणलंस तरच नेसेन.

तुझीच,
आई