अक्कांनी सोडलेला ताईत

धुळे, १२ फेब्रुवारी १९५४

आजच्या सभेत टाळ्या पडल्या, तरी मन खात आहे. सभा झाली त्या गावात एक बुवा एका आकड्याचे ताईत देतो: १४२८५७. दोनाने गुणा, तिनाने गुणा, सहापर्यंत कशानेही गुणा. तेच सहा अंक त्याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात बदलते. म्हणे आकडा दैवी आहे, ताप उतरवतो.

मी व्यासपीठावरून गरजलो, हे निव्वळ गणित आहे, चमत्कार नाही. पुढे बसलेल्या एका अक्कांनी विचारले, "पन भाऊ, आसं का व्हस?"

मला उत्तर येत नव्हते. मग मी काय केले? आवाज चढवला. अज्ञानावर तुटून पडलो. अक्कांनी नातीच्या दंडावरचा ताईत सोडून माझ्या हातात दिला.

तो आता टेबलावर आहे. घरी येऊन एकाला सातने भागत बसलो. दशांशात हेच अंक फिरून फिरून येतात. बाकी उरते तीन, दोन, सहा, चार, पाच, पुन्हा एक. बाक्यांचे रिंगणच ते; आकडा दोनाने गुणला म्हणजे एकाऐवजी दोन या बाकीपासून आत शिरलो. कुठूनही शिरा, अंकांचा क्रम तोच राहणार. एवढेच. खडूने भिंतीवर दाखवता आले असते.

मग हा ताईत सुटला कशाने? गणिताने नक्कीच नाही. तो देताना अक्का म्हणाल्या होत्या, "तुम्ही सांगतस ना भाऊ, मंग खरंच शे."

बांधून घेताना त्या बुवालाही हेच म्हणाल्या असतील.