अंगणाचा उतार

प्रिय धाकटे,

तुझ्या घराची किल्ली मागायला दलाल माझ्या दारात उभा राहतो, आणि तेव्हा मला कळतं की तू घर विकायला काढलंयस. सख्खी बहीण भिंतीला भिंत लावून राहते, तिला चार ओळी लिहायला काय हात मोडले होते? किल्ली सापडत नाही म्हणून त्याला हाकलला. कमरेलाच होती.

मी काही शिकलेली नाही, अक्षर लागेल तसं वाच. गेल्या पावसाळ्यात तुझ्या शिवणाच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं, मशीन गंजलं, आणि तू बोचकं बांधून लेकीकडे गेलीस. जाताना एवढंच म्हणालीस, ताई, तुझं अंगण बघ. मला मिरच्या झोंबल्या. वर्षभर गटाराच्या नावाने खडे फोडले. नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन इतकी भांडले की शेवटी त्यांनी मुकादमाला घरी धाडला. त्याने माझीच बादली भरली आणि अंगणात ओतली. पाणी गटाराकडे वळलंसुद्धा नाही. पत्ता विचारून निघाल्यासारखं सरळ तुझ्या भिंतीकडे गेलं.

माझा उंबरा कोरडा राहावा म्हणून मीच गवंड्याच्या डोक्यावर बसून उतार तिकडे काढून घेतला होता. अख्खं अंगण काँक्रीटचं, पाणी मुरायला बोटभर माती सोडली नव्हती. मुकादम म्हणाला, बाई, गटाराला शिव्या देऊन झाल्या असतील तर घण आणा.

फोडलं सगळं. उतार फाटकाकडे फिरवला, तिथे कमरेइतका खड्डा खणून दगडगोटे भरले. छपराचं पाणी पिंपात सोडलं, पिंप भरलं की खड्ड्यात. बाकी जागेत गवत. समोरची विचारते, खजिना गावला का? तिला म्हटलं, अक्कल गावली, तुला देऊ थोडी?

परवा सकाळी पाऊस तीन तास नुसता कोसळत होता. मी तुझ्या खोलीत भिंतीलगत वर्तमानपत्र अंथरून बसून राहिले. खड्डा काठोकाठ भरला, संध्याकाळपर्यंत मुरला. पेपरचा कोपरासुद्धा भिजला नाही. तोच पाकिटात घातलाय, हात लावून बघ.

मशीन दुरुस्तीला दिलंय. चूक माझी होती. हे तोंडाने म्हणायला मला जन्मात जमलं नसतं, म्हणून कागद घेऊन बसले. दलाल रविवारी पुन्हा येतोय. त्याला किल्ली द्यायची की तुझी खोली झाडून ठेवायची, ते मला शनिवारच्या आत कळव.

तुझीच,
ताई