झाकलेली नदी

चि. मुक्ता,

आज तुझ्या सासू-सासऱ्यांना डब्लिन दाखवायला मराठी गाइड हवा होता आणि एजन्सीने मला पाठवले. मला पाहताच तू म्हणालीस, "नमस्कार, मी मुक्ता." आपल्या बापाला ओळख दाखवायची नाही, हे मला तेवढ्यावरून समजले.

मग मी नेहमीच्या क्रमाने सांगत गेलो. डब्लिन कॅसल या जुन्या किल्ल्याच्या बागेतला भाग मला फार आवडतो. ज्या काळ्या डोहावरून शहराला नाव पडले, तो इथे होता. त्याला मिळणारी पॉडल नदी आटलेली नाही, नुसती झाकलेली आहे, आपल्या पायांखालून ती अजून वाहते. तू मोबाइल पाहत होतीस.

सासूबाई म्हणाल्या, "किती छान समजावता हो! आमच्या मुक्ताचे बाबाही असेच होते म्हणे. ती दहावीत असतानाच गेले बिचारे."

त्या वर्षी तुझ्या आईचा आणि माझा घटस्फोट झाला होता.

"तुम्हाला मुलंबाळं?" त्यांनी विचारले.

"नाहीत," मी म्हणालो. तेव्हा तू प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलेस.

निघताना त्या तुला म्हणाल्या, "वडीलधारे आहेत, पाया पड बेटा." तू वाकलीस. तुझ्या लग्नात न मिळालेला नमस्कार मला असा परका म्हणून मिळाला. आशीर्वादासाठी वर उचललेल्या हाताने मी तुम्हाला ट्रामचा थांबा दाखवला.

हे पत्र मी पाठवणार नाही. गेलेल्या माणसाचे पत्र तुझ्या घरी कसे येईल?

सुखी राहा. तेव्हा एवढेच म्हणायचे होते.

बाबा