पाक कुठं जातो

४ फेब्रुवारी २०२५
सर म्हणाले, "स्नेहल, प्रबंधातलं चौथं प्रकरण काढून टाक." का काढू? पृथ्वीच्या पोटातून वर आलेला तापलेला खडक भूपट्टाला, म्हणजे वरच्या कठीण कवचाला, खालून टेकतो आणि मग आडवा सरकत, भूपट्ट जिथं पातळ तिथं जाऊन साठतो — चार वर्षं हे गणितानं मांडतेय. सरांचं एकच, "गणित झालं. डोळ्यांनी दाखव." मुदत महिनाअखेर. दाखवतेच!

७ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत जागा नाही म्हणे. मग आक्काच्या स्वयंपाकघरात, फरशीवर मांडलं. माशांच्या काचेच्या टाकीत साखरेचा गार पाक. वर भूपट्ट म्हणून टाकीला घट्ट बसवलेली फळी — एक टोक जाड, एक पातळ. तळातून नळीनं गरम लाल पाक सोडायचा. दाजी म्हणाले, "पीएचडी हाय का जिलेबीचं दुकान?"

८ फेब्रुवारी
पाक साखरला! टाकीभर खडे. रडले. आक्का ओरडली, "लिंबू पिळलं न्हाईस व्हय? एवढी शिकलीस ती कशाला?"

१५ फेब्रुवारी
गेला!! लाल पाक वर चढला, फळीला टेकला, आडवा वळला आणि पातळ टोकाखाली साठला. तीनदा केलं, तीनदा तेच. सरांना व्हिडिओ पाठवला. "प्रकरण ठेवू," म्हणाले. आक्कानं तोंडात साखर घातली.

१७ फेब्रुवारी
आक्का फरशी धूत होती. "टाकी उचल, पाणी अडतंय. मोरीकडं उतार हाय की."
म्हणजे टाकी कललेली — मोरीकडं खाली, दाराकडं वर. आणि माझं पातळ टोक? दाराकडं! गरम पाक हलका, तो उंच बाजूला जाणारच. फळी पातळ असो वा जाड.
गप्प बसावं का? कुणाला कळणार होतं? पण मला कळलंय ना! सरांना फोन केला, सगळं सांगितलं. सर म्हणाले, "काढूया प्रकरण." मी म्हटलं, "सर, अजून अकरा दिवस आहेत."

१८ फेब्रुवारी
टाकीखाली पाचर मारून सपाट करणार नाही. उलटी फिरवली. पातळ टोक आता मोरीकडं. जायचं तर उताराशी भांडून जा!

२१ फेब्रुवारी
नळी फुटली. पुन्हा साखर, पुन्हा लिंबू. दाजींनी चहा करून दिला.

२५ फेब्रुवारी
मोरीकडं गेला. हळूहळू, पण गेला. सहा वेळा, सहाही वेळा! सरांना कळवलं. उत्तर लगेच: "टाकी तिथंच राहू दे. मी बघायला येतोय." आक्काला सांगितलंय, आज फरशी धुऊ नकोस.