‘अन’ आणि ‘अधिकृत’ यांच्यामधली जागा

प्रति,
मा. बांधकाम परवाना अधिकारी,
नवीन इमारत, दुसरा मजला.

विषय : परसातील खोली पाडू नये, आणि पाडायचीच झाल्यास कशी पाडावी, याबाबत.

संदर्भ : १) आपली पहिली नोटीस, जी आम्ही चौकटीत बसवून भिंतीवर लावली.
२) आपली दुसरी नोटीस, जी आम्ही कुठेही लावलेली नाही.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार हा चाळीस वर्षे पाडकामावर होता. आपल्या गावातल्या ज्या इमारती आज दिसत नाहीत, त्यांतल्या बऱ्याच माझ्या हातून गेल्या आहेत. वय एकाहत्तर. अडीच वर्षांपूर्वीपर्यंत अंगठा देत असे. हा अर्ज मी स्वतः लिहिला असून त्याला सहा दिवस लागले. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी फक्त वेलांट्या तपासल्या आहेत.

आपल्या दुसऱ्या नोटिशीत असे लिहिले आहे की, अर्जदाराने पहिल्या नोटिशीची ‘हेतुपुरस्सर अवहेलना’ केली, सबब खोली पंधरा दिवसांत स्वतः काढून टाकावी, अन्यथा कार्यालय ती पाडील. यातले पंधरा दिवस मला मान्य आहेत, त्यातले दहा उलटलेही. अवहेलना मात्र मान्य नाही. आपल्या कार्यालयाच्या कागदाचा इतका मान आजवर कोणी राखला नसेल. कसा, ते सांगतो.

पहिली नोटीस आली तेव्हा मास्तरीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. त्यामुळे ती आमची आम्हीच वाचली. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी, शेजारचे म्हातारे न्हावीदादा आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी. चौघेही उतारवयातले विद्यार्थी. नोटिशीत छापले होते : ‘आपण घरामागील जागेत अन अधिकृत बांधकाम केल्याचे निदर्शनास आले आहे.’ न्हावीदादांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. ‘अन’ पाशी थांबले. मग म्हणाले, “अन् अधिकृत! म्हणजे नुसतं बांधलंत असं नाही. बांधलंत, अन् वर अधिकृतही आहे!”

आमच्या बोलण्यात ‘अन्’ म्हणजे ‘आणि’. आपल्या ‘न’चा पाय मोडलेला नव्हता हे खरे. पण आमचेही पाय मोडायचे राहून जातात, तेव्हा ते आम्ही मनावर घेतले नाही. ‘निदर्शनास आले’ याचा अर्थ साहेबांच्या नजरेत भरले, असा आम्ही लावला. पत्नी म्हणाली, “चाळीस वर्षं लोकांची घरं पाडलीत तेव्हा कुणी कागद पाठवला नाही. एक खोली बांधली तर बघा, सरकार घरी शाबासकी पाठवतंय.” त्या दुपारी दोनदा चहा झाला. नोटीस मी एका जुन्या फोटोच्या चौकटीत काच लावून बसवली आणि खोलीतल्या फळ्याशेजारी टांगली. पुढे पाच आठवडे तीच आमची वाचनाची पुस्तिका होती. ‘निदर्शनास’ हा शब्द इस्त्रीवाल्या मावशी आता न बघता लिहितात.

मास्तरीणबाई परत आल्या. चौकटीपुढे उभ्या राहिल्या, वाचले, चष्मा काढून पुसला, परत वाचले. मग आधी चहा मागितला. चहा संपल्यावर म्हणाल्या, “दादा, हे दोन शब्द नाहीत हो. एकच आहे. अनधिकृत. मधली जागा टायपिस्टची आहे.”

मी विचारले, “मग माझी जागा कुणाची?”

चार दिवसांनी आपली दुसरी नोटीस आली. तिच्यात शब्द बरोबर जोडून छापला होता.

आता खोलीबद्दल. ती बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद आहे. तिच्यातली एकही वस्तू नवीन नाही, बांधणाराही नाही. विटा जुन्या पाण्याच्या हौदाच्या. त्यांचा चुना पत्नीने करवतीच्या तुटक्या पात्याने एकेक करून खरवडला. पत्रे गिरणीच्या सायकल स्टँडचे असून त्यांवर रंगाने एक ते चौदा आकडे आहेत. आम्ही अंक तिथेच, मान वर करून शिकलो. त्यामुळे चौघांनाही सात म्हटले की मान दुखल्याची आठवण होते. एक खिडकी दवाखान्याच्या औषधखिडकीची, खाली अर्धगोल भोक असलेली. त्यातून पत्नी चहा आत देते आणि न चुकता म्हणते, “रांगेत या.” खिळे सगळे वाकडे होते, ते मी दगडावर ठोकून सरळ केले. पत्नीचे म्हणणे असे की, “खिळा सरळ केलात, पण तुमचा ‘ळ’ काही सरळ होत नाही.” पूर्वेची भिंत दोन बोटे कललेली आहे, हे मी कबूल करतो. आयुष्यभर भिंती खाली आणायची सवय, वर नेताना हात बुजला.

मागची भिंत म्हणजे एका शाळेचा फळा. ज्या शाळेत मी कधी गेलो नाही, ती पाडायला मात्र गेलो होतो. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात खडूने एक ओळ लिहिलेली होती. कोणा गुरुजींचे अक्षर, काहीतरी मोलाचे असेल, म्हणून मी त्यावर फडके बांधून फळा घरी आणला. तीन वर्षे त्या ओळीला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. वाचता येऊ लागल्यावर पहिल्यांदा तीच वाचली. लिहिले होते : ‘फळा रोज पुसावा.’

दार आपलेच आहे. आपली जुनी इमारत पाडली तेव्हा आपल्या कार्यालयाने आम्हा कामगारांना लेखी दिले होते की, राडारोड्याची योग्य ती विल्हेवाट लावावी. त्या कागदावर माझा अंगठा आहे, प्रत सोबत जोडली आहे. त्या दाराची याहून योग्य विल्हेवाट मला तरी सुचली नाही. त्यावर पितळी पाटी आहे : ‘परवानगीशिवाय आत येऊ नये.’ ती मी लावली तेव्हा मला वाचता येत नव्हती. पितळ चांगले होते, म्हणून ठेवली.

या पाटीमुळे एक घोळ झाला आहे, तो आपल्या कानावर घालणे भाग आहे. आपले निरीक्षकसाहेब मोजणीला आले, खोलीला फेरी मारली, दारापाशी आले आणि थबकले. हे दार त्यांना ओळखीचे वाटले असावे. नव्या नोकरीत त्यांनी याच दाराबाहेर बरेच दिवस काढले होते, असे तेच म्हणाले. मी म्हटले, “या ना साहेब, आत या.” ते म्हणाले, “नको. पाटी आहे.” मी म्हटले, “परवानगी देतो की.” त्यावर ते म्हणाले, “तुम्ही कोण परवानगी देणारे?” आणि बाहेरूनच लिहून निघून गेले. म्हणूनच त्यांच्या अहवालात ‘वापर’ या रकान्यापुढे ‘संशयास्पद’ असे पडले आहे.

वापर मी सांगतो. दुपारी भांडी आवरल्यावर दोन तास आम्ही चौघे तिथे अक्षरे गिरवतो. गावात यासाठी सरकारी वर्ग आहे, शाळेच्या ओसरीत. मी तिथे दोन महिने गेलो. पत्नीला म्हटले, तूही चल. ती म्हणाली, “नातवंडांच्या वयाची पोरं येता-जाता बघणार, अन् मी पाटीवर ‘क’ला शेपूट काढत बसू? चारचौघांत मला ढ व्हायचं नाही. कुठं आड बसून शिकता आलं तर सांगा.” एवढे बोलून ती आत गेली. लग्नाला एकावन्न वर्षे झाली, तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून मी हे आड बांधले. आपल्या छापील फॉर्मात वापरासाठी निवासी, व्यापारी आणि गोदाम एवढेच तीन प्रकार आहेत. चौथा प्रकार ‘आडोसा’ असा घालता आला तर माझी सोय होईल. न्हावीदादा आणि मावशीही इथे येतात ते याच कारणाने. मावशींनी तर गिऱ्हाइकांना सांगून ठेवले आहे की, दुपारी गुडघ्याला शेक घ्यायला जाते.

खोली पाडली तर मी ओसरीवर जाईन. माझी लाज केव्हाच झिजली आहे. पत्नी जाणार नाही, हे मी एकावन्न वर्षांच्या अनुभवावरून लिहून देतो. ती परत अंगठ्यावर येईल आणि तसे काही झालेच नाही असे वागेल.

आणखी एक अडचण अशी की, आपण पाडकामाला ज्या टोळीला पाठवाल तिचा मुकादम माझ्याच हाताखाली तयार झाला आहे. पाच दिवसांपूर्वी तो घरी आला. पायरीवर बसला, पाणी प्यायला, पण वर बघेना. म्हणाला, “उस्ताद, हुकूम निघाला तर मला यावंच लागेल. पण तुमच्या दाराला घण मारू कसा?”

मी म्हटले, “घण कशाला मारतोस? मी हेच शिकवलं का तुला? आधी पत्रे. नऊ नंबरचा पत्रा अगोदर काढ, बाकीचे त्याच्या खाली दाबले आहेत. बिजागऱ्यांना तेल सोड. फळ्यामागे सात बोल्ट आहेत, वरचे तीन आधी सोडलेस तर फळा अंगावर येईल.” सांगता सांगता मी त्याला आत नेले, प्रत्येक सांधा दाखवला. तो वहीत लिहून घेत होता. पाऊण तास कसा गेला ते कळले नाही. औषधखिडकीच्या भोकातून पत्नी सगळे ऐकत होती. ती म्हणाली, “शाबास! स्वतःचीच खोली पाडायला शिकवताय. अन् काय खुलून शिकवताय! मला बाराखडी सांगताना एवढा जीव लावला असतात, तर आत्तापर्यंत माझी सही झाली असती.”

मुकादम मान खाली घालून हसला. मला हसू आले नाही, कारण ती म्हणाली ते खरे होते. तिच्या नावात चार अक्षरे आहेत. पहिली दोन तिला येतात. तिसरे जोडाक्षर आहे, तिथे तिचा हात अडतो आणि ती पाटी पालथी घालून चहा टाकायला उठते. त्या दिवसापासून मी रोज अर्धा तास फक्त तेवढ्या एका अक्षरावर तिच्यापाशी बसतो. सांधा कसा बसतो हे मला दारे-खिडक्यांतले कळते, तेच तिला सांगतो : एक अक्षर अर्धे कापायचे, दुसऱ्यात चपखल बसवायचे. काल तिने पाटी पालथी घातली नाही.

तरी मायबाप कार्यालयाला विनंती की, खोली नियमात बसवता येत असेल तर बसवून घ्यावी. त्यासाठीचा फॉर्म भरून सोबत जोडला आहे. पूर्वेच्या भिंतीची दोन बोटे नियमाआड येत असतील तर ती भिंत मी उतरवून पुन्हा बांधीन, तेवढे काम येते. तसे जमत नसेल, तर पत्नीची सही पूर्ण होईपर्यंत पाडकाम थांबवावे. किती दिवस लागतील ते विचारू नये, तिलाही विचारू नये, ती चिडते. आणि तेही जमत नसेल, तर मुकादमाला वहीत लिहून दिल्याप्रमाणे, नऊ नंबरच्या पत्र्यापासून सुरुवात करण्याचा हुकूम द्यावा. माझ्या हाताखालच्या माणसाने फळा फोडला असे गावात व्हायला नको.

त्याआधी एकदा आपण स्वतः येऊन आतून पाहावे. दाराशी थांबू नये. परवानगी या अर्जानेच देत आहे. दुपारी यावे, मात्र खोकून यावे, म्हणजे मावशींना पाटी लपवायला वेळ मिळेल.

सोबत :
राडारोडा विल्हेवाटीचे पत्र, अंगठ्यासह, प्रत.
पहिली नोटीस, चौकटीसह. (काम झाल्यावर परत मिळावी. ‘अन’ आणि ‘अधिकृत’ यांच्यामधली जागा लाल पेन्सिलीने दाखवली आहे.)
खोलीचा नकाशा, हाताने काढलेला. त्यात भिंत सरळ आली आहे.
भरलेला फॉर्म.

आपल्या जुन्या दाराचा आजचा राखणदार,
(सही)
अर्जदार, निवृत्त पाडकामगार
दिनांक : आपल्या मुदतीचा अकरावा दिवस

सहअर्जदार (पत्नी) : सही बाजूला केली आहे. चारपैकी दोन अक्षरे झाली आहेत. पुढे सोडलेली जागा तिचीच आहे, ती टायपिस्टची चूक समजू नये.